खोटा नग

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि पप्पा माझी बॅग उघडत होते. ती आधीच भरून, कुलूप लावून, वरून नायलॉनची दोरी आवळून झाली होती. शेजारच्या काकू, विहारातली चार मंडळी, माझ्या धाकट्या भावाचे, मिलिंदचे, मित्र असे सगळे विश्रांतवाडीच्या आमच्या गल्लीत निरोप द्यायला उभे होते. मुंबईच्या विमानतळावर पोचायचं होतं, घाटात किती वेळ जाईल सांगता येत नाही म्हणून ड्रायव्हर घाई करत होता. आणि पप्पा फरशीवर उकिडवे बसून दोरीची गाठ सोडत होते, कारण आई म्हणाली होती की कुकरच्या रिंगा ठेवल्यात. ती म्हणाली होती. पप्पांनी पाहिल्या नव्हत्या.

रिंगा होत्या, साडीच्या घडीत. पप्पांनी त्या बोटांनी ताणून पाहिल्या, परत ठेवल्या, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि दोरी बांधली. आई दारातून म्हणाली, "आता विमानही उघडून बघा."

टॅक्सीच्या खिडकीत वाकून पप्पांनी मला एकच गोष्ट सांगितली. "पोचलीस की फोन कर. पण 'पोचले' एवढंच सांगू नकोस. समोर काय दिसतंय ते सांग." मी रडत होते, तरी मला हसू आलं. पोरगी परदेशी चालली होती आणि ह्यांना पुरावा हवा होता.

पप्पा खडकीच्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. मशीनवरून उतरलेला पितळी नग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचा. बसला तर पुढे, नाही तर बाजूला, हे त्यांचं काम. पण रोज सकाळी पहिला नग ते मुद्दाम खोटा घालत. आधीच नापास झालेला, मापात चुकलेला, खास त्यासाठी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेला. गेजने तो नाकारला की मगच खऱ्या कामाला सुरुवात. गेजने तो पास केला तर गेज झिजलंय, आणि काल 'ओके' म्हणून पुढे गेलेला सगळा माल परत मागवायचा. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काय किंमत, असं ते म्हणत.

घरातही हाच कारभार. अभ्यास झाला म्हटलं की, "झालं म्हणू नकोस, दाखव." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी फळीवर बुद्धाची मूर्ती, आणि बुद्ध सांगतो म्हणूनसुद्धा काही मानायचं नाही असं बुद्धानेच सांगून ठेवलंय, हा पप्पांचा ठेवणीतला विनोद. रविवारी वंदना झाली की विहाराच्या पायऱ्यांवर तो कुणाला तरी ऐकवल्याशिवाय ते घरी येत नसत. आई म्हणायची, मग हे तरी कशावरून खरं?

संशयाचं उरलेलं शिक्षण शहराने दिलं. मी कॉलेजात असताना माझा बसचा वेळ वाचावा म्हणून पप्पा पेठांमध्ये भाड्याची जागा शोधत होते. घरमालक अगदी गोड बोलायचे, चहा पाजायचे आणि मग विचारायचे, "आपलं पूर्ण नाव?" नाव सांगितलं की नेमकी तीच खोली त्यांच्या पुतण्याला हवी असायची. असे बरेच पुतणे निघाल्यावर पप्पांनी शोध थांबवला आणि मी बसनेच जात राहिले. तेव्हापासून कुणी फार गोड बोलायला लागलं की मी त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघते. इंग्लंडमध्ये मराठी लोकांच्या एका जेवणात एका बाईंनी मला विचारलं, पुण्यात कुठे? विश्रांतवाडी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तसं बाहेरच." साता समुद्रापलीकडे येऊनही मी पुण्याच्या बाहेरच राहिले होते. पुढचं वाक्य आडनावाचं होतं, ते मी येण्याआधीच ओळखलं.

पण हे नंतरचं. दोन हजार साल जवळ आलं तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटरची नोकरी लागत होती. मीही एका कंपनीत टेस्टिंगला लागले. सालाचे आकडे बदलले की जुने प्रोग्रॅम कोसळतील, या भीतीवर आमचा पगार चालायचा. पप्पांना त्या काचेच्या बिल्डिंगचा भरवसा नव्हता. काच कशाला, तर माणसाला काढताना रस्त्यावरच्या लोकांनाही दिसावं, असं त्यांचं मत. मला वेगळाच संशय छळायचा. आम्ही एकच प्रोग्रॅम शेकडो वेळा चालवून बघायचो, दर वेळी उत्तर बरोबर आलं की मॅनेजर सही करायचा. त्याच्या पुढच्या वेळेचं काय, असं मी विचारलं की तो म्हणायचा, "क्लायंटने विचारलंय का?" क्लायंटने नव्हतं विचारलं. तो प्रश्न घेऊन मी पीएच.डी.ला निघाले.

तिकडे गेल्यावर कळलं की त्या पुढच्या वेळेचाच एक अख्खा विषय आहे. एखाद्या गुंतागुंतीच्या यंत्राचं गणिती मॉडेल तयार करायचं, ते यंत्र ज्या ज्या अवस्थेत जाऊ शकतं त्या सगळ्या अवस्था कॉम्प्युटरला धुंडाळायला लावायच्या आणि विचारायचं, यात कधी तरी, कुठल्याही वाटेने, वाईट घडू शकतं का? घडू शकत असेल तर कॉम्प्युटर ती वाट पायरीपायरीने दाखवतो. नसेल तर म्हणतो, ठीक आहे. संशय घेणं हाच ज्याचा अभ्यासक्रम असा विषय जगात आहे आणि त्याला शिष्यवृत्ती मिळते, हे पप्पांना कळवलं तेव्हा त्यांनी आईला फोनजवळ बोलावून ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

माझं संशोधन पेसमेकरवर होतं. ज्यांच्या हृदयाचे ठोके मंद पडतात त्यांच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, एक छोटं यंत्र बसवतात. ठोका चुकला की ते हलका विजेचा धक्का देऊन हृदयाला आठवण करतं. त्या यंत्रात प्रोग्रॅम असतो आणि तो बरोबर आहे हे सिद्ध करायचं तर नुसत्या यंत्राचं मॉडेल पुरत नाही, हृदयाचंही लागतं. म्हणजे एक यंत्र माणसाने बनवलेलं, दुसरं वाढून आलेलं, त्याचं माहितीपत्रक कुणाकडेच नाही. दोन्ही कागदावर एकमेकांना जोडायची आणि मग उलटतपासणी सुरू करायची.

पहिल्या वर्षाच्या शेवटी मी सिद्ध केलं की माझा पेसमेकर कधीही चुकीच्या वेळी धक्का देत नाही. उत्तर क्षणात आलं. मी नाचायचीच बाकी होते. माझ्या गाइड फार कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, फार लवकर आलं; आता पेसमेकर मुद्दाम बिघडव आणि परत विचार. मी त्यातलं घड्याळच काढून टाकलं. तरी उत्तर तेच, सगळं ठीक. मग शोधाशोध केल्यावर सापडलं की माझ्या मॉडेलमधलं हृदय सुरूच झालेलं नव्हतं. मी लिहिलेल्या एका अटीत चूक होती, त्यामुळे पहिला ठोकाच पडत नव्हता, आणि वेळ त्या ठोक्यापासून मोजायची म्हणून त्याची वाट बघत पेसमेकरही हातावर हात ठेवून बसला होता. जिथे काही घडतच नाही तिथे चुकीचं काय घडणार? सगळे नियम पाळले जात होते. प्रेताची तब्येत उत्तम होती.

आमच्या विषयातल्या माणसांकडून ही चूक होतेच, नंतर मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही ती होताना पाहिली. पप्पांना फोनवर सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "खोटा नग घातला नव्हतास?"

आता त्या फोनविषयी. तुम्ही जे कोणी घर सोडून लांब गेलात, तुम्हाला तो रविवारचा फोन माहीत आहे. आणि तुम्ही जे मागे राहिलात, त्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्हीच असता. मी दर रविवारी समोर काय दिसतंय ते सांगायचे: खिडकीबाहेरचं ओलं छप्पर, त्यावरचं मांजर, बसथांब्यावर भांडणारं जोडपं. पप्पांना त्यातून मी शाबूत आहे हे समजायचं. उलट बाजूने मात्र काहीच यायचं नाही. कसे आहात? ठीक. तब्येत? ठीक. पाणी येतंय? येतंय. पीएच.डी. झाली, तिथेच शिकवायची नोकरी लागली, पप्पा निवृत्त झाले, मिलिंद हडपसरच्या आयटी पार्कमध्ये लागला आणि त्याने जवळच्या मांजरी गावात फ्लॅट घेतला, बाल्कनीतून ऊस दिसतो म्हणून. सगळं बदललं, पण ते 'ठीक' काही बदललं नाही. मी प्रश्नच असे विचारत होते की दुसरं उत्तर येऊच नये.

मग एका वर्षी ते 'ठीक' फार लवकर यायला लागलं. मी पप्पांना विचारायचे आणि आई उत्तर द्यायची. पप्पा बोललेच तर मध्येच थांबायचे आणि आई वाक्य पुरं करायची. त्यांनी पाण्याच्या टँकरवाल्याला शिव्या घातल्या नाहीत, सोसायटीच्या सेक्रेटरीचा हिशोब काढला नाही. मी मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, "ताई, चिल यार. एव्हरीथिंग इज फाइन. तू उगाच ओव्हरथिंक करतेस." माझ्या धाकट्या भावाला खोटं बोलायचं असलं की तो इंग्रजीत शिरतो, हे मला तो शाळेत असल्यापासून माहीत आहे.

तेव्हा मी खोटा नग टाकला. आमच्या माळ्यावर माझी एक पत्र्याची ट्रंक आहे, शाळेतली बक्षिसं ठेवलेली. माळा हे पप्पांचं संस्थान. स्टुलावर चढून, एका हाताने कडी धरून, दुसऱ्याने हवी ती वस्तू अचूक ओढायची, हे ते साठीनंतरही स्वतःच करत आणि दुसऱ्या कुणाला तिथे हात लावू देत नसत. मला त्या ट्रंकेतलं काहीही नको होतं. मी म्हटलं, "पप्पा, माझी ट्रंक तेवढी आज काढून ठेवाल का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. म्हणजे आई ऐकत होती. पप्पा म्हणाले, "मिलिंद येईल रविवारी. तो काढेल."

मी फोन ठेवला. काय झालंय ते कळत नव्हतं, झालंय एवढं कळलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत मी जमेल तितक्या आडवाटांनी चौकशी केली आणि जमेल तितक्या गोड शब्दांत मला वाटेला लावण्यात आलं. डिसेंबरची सुट्टी लागली तशी मी पुण्याला गेले.

घरात सगळं व्यवस्थित होतं. नको इतकं. पप्पा बारीक झाले होते आणि गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते. आई माझ्याशी प्रेमाने बोलत होती, आमच्या घरात हे काही चांगलं लक्षण नाही. मी माळ्याकडे पाहिलं, ट्रंक खाली काढून पुसून ठेवली होती. मी ठरवलं होतं की विचारायचं नाही. विचारलं की 'ठीक' येणार.

मिलिंदने आम्हा सगळ्यांना हडपसरच्या एका नव्या मॉलमध्ये जेवायला नेलं. लहानपणी हडपसर म्हणजे आम्हाला भाजीचे ढीग आणि कारखान्यांचे भोंगे. आता उड्डाणपुलाखालून रिक्षा पुढे सरकत नव्हती आणि दोन्ही बाजूंना काचाच काचा. मॉलच्या दारात ती चौकट होती, जिच्यातून गेलं की पीं वाजतं. रांग होती. आई गेली, मिलिंद गेला, त्याची बायको गेली. माझी पर्स तपासली जात होती. आणि पप्पा, ज्यांनी आयुष्यभर कुणाला रांग मोडू दिली नाही, ते चौकटीच्या बाजूने गेले. गार्डजवळ थांबून त्यांनी डाव्या खांद्याखाली हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मशीन हाय आत, दादा." कारखान्यातल्या माणसांशी बोलायचे तसे. गार्डने मान हलवली, हातानेच त्यांचे खिसे चाचपले आणि आत सोडलं.

त्या गार्डला सांगितलं होतं. मला नाही. जगात ज्या थोड्या माणसांनी त्या यंत्राच्या प्रोग्रॅमवर वर्षं घालवली त्यातली एक मी, आणि ते माझ्या बापाच्या छातीत आहे हे मला पर्स तपासून घेताना कळलं.

वर जेवणाच्या मजल्यावर एका प्लॅस्टिकच्या टेबलाशी आम्ही बसलो. मिलिंद 'स्टार्टर बघतो' म्हणून बायकोला घेऊन उठून गेला. मग तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. पप्पांना चक्कर यायची. विश्रांतवाडीच्या चौकात स्कूटर उभी करताना ते कोसळले. डॉक्टर म्हणाले, ठोके फार मंद आहेत, पेसमेकर बसवावा लागेल, आणि लगेच. बसवल्यावर काही आठवडे डावा हात वर उचलायचा नव्हता. माझा ट्रंकेचा फोन नेमका त्याच आठवड्यांत गेला होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या टेबलावरची पोरं वळली.

पप्पा म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस असं नाही, बेटा. तू प्रश्न विचारले असतेस. कंपनी कुठली, प्रोग्रॅम कुणी तपासला, कसा तपासला. आणि तुझं समाधान होईपर्यंत मी सही केली नसती. मी मला ओळखतो."

आई पाण्याचा ग्लास पुसत होती. वर न बघता म्हणाली, "डॉक्टर थांबा म्हणत नव्हते. मी म्हटलं, शंका तुम्हा बापलेकींच्या, नवरा माझा. बसवा." मग ग्लास माझ्यापुढे सरकवला. "आणि तुला कळवायचं नाही हेही मीच सांगितलं. यांच्यावर डोळे वटारू नकोस."

मला राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही. पण त्या टेबलावर बसून मी मनातल्या मनात तो न आलेला फोन लावून बघितला, ऑपरेशनच्या आधीचा, खरं सांगणारा. मी काय बोलले असते? मी पहिलं वाक्य बोलले असते, 'मॉडेल नंबर सांगा.' दुसरं, 'मी बघून सांगते, तोवर थांबा.' माझ्या घरच्यांनी मला न विचारता माझंच मॉडेल केलं होतं, आणि ते बरोबर निघालं होतं. माझ्या हृदयाच्या मॉडेलपेक्षा कितीतरी बरोबर.

परत येताना रिक्षात पप्पा माझ्या शेजारी होते. म्हणाले, "ट्रंकेचं तू मुद्दाम विचारलंस ना? कळलं मला. हिने बजावलं होतं, पोरीला काही बोलायचं नाही. 'काढतो' म्हणालो असतो तर तू गप्प बसली असतीस." मग म्हणाले, "पण खोटा नग आल्यावर पास कसा करणार?"

मी त्यांचा हात धरला आणि विश्रांतवाडी येईपर्यंत सोडला नाही.

यंत्राची कंपनी, नंबर सगळं मी घेतलंच, न घेऊन कुणाला सांगते? परत गेल्यावर कंपनीला लिहिलं की प्रोग्रॅम बघायला मिळेल का. उत्तर फार गोड आलं. पुढचं वाक्य अपेक्षेप्रमाणे होतं. तो प्रोग्रॅम मला कधीच दिसणार नाही. मी इतकी यंत्रं तपासली, पण माझ्या माणसाच्या छातीत आहे तेवढं एकच मी तपासलेलं नाही, आणि ते आजवर त्यांना चालवत आलंय. वर्गात मी मुलांना सांगते की तपासल्याशिवाय कशावर भरवसा ठेवू नका. सांगताना हात आपोआप डाव्या खांद्याखाली जातो.

त्या खेपेला निघताना मी एक नियम घातला. यापुढे रविवारच्या फोनवर 'ठीक' चालणार नाही, दर वेळी एक तरी तक्रार पाहिजे. आईला तो वेडेपणा वाटला. पण हळूहळू तिला त्यात गोडी लागली. भाजीवाला सडके टोमॅटो तळाला घालतो. वरच्या मजल्यावरचे मध्यरात्री फर्निचर ओढतात. मांजरीचा ऊस गेला, मिलिंदच्या बाल्कनीतून आता दुसऱ्याची बाल्कनी दिसते. पप्पा डॉक्टरलाच प्रश्न विचारतात, पुढचे पेशंट ताटकळतात. मी इकडे चहा घेऊन ऐकत बसते आणि माझा जीव भांड्यात पडतो, कारण जिथे काही बिघडतंय तिथे काहीतरी चालू आहे.

मला विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर म्हणजे कुठलं? इथे माझं स्वतःचं दार आहे, कुणी पूर्ण नाव विचारत नाही, आणि विचारलं तरी त्यांना त्यातून काही कळत नाही. पुणं मला ओळखेनासं झालंय आणि आम्ही दोघं एकमेकांना थोडं बिचकूनच असतो. तरी घर तेच. जिथून मला कुरकुर ऐकू येते ते माझं घर. बाकी सगळीकडून मला छान छानच कळवलं जातं.

काल रविवार होता. मी विचारलं, आज काय बिघडलं? आई म्हणाली, "काही नाही गं. आज काही तक्रार नाही. सगळं ठीक आहे."

मी म्हटलं, पप्पांकडे दे. ती म्हणाली, ते आत्ताच बाहेर गेलेत.

तिकीट काढलंय. बॅग भरली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं.